भुसावळला गाडी थांबते

सावद्याला एका गोधडीत
आमचे चार पाय भांडायचे.
केळीच्या चिकाचे डाग दोघांच्याही सदऱ्यावर,
मार मात्र सुकलालला एकट्याला.

मग राखीपुरता येऊ लागला,
सकाळी येऊन संध्याकाळी परत.
मग फोन. "बाकी?" "बाकी ठीक."

आता वर्षातून एकदा
लेकाकडे इटारसीला जाताना
त्याची गाडी इथे दहा मिनिटं थांबते.
मी गुडघे सावरत खिडकी शोधते,
कळण्याची भाकर, भरीत आत देते,
तो गेल्या वर्षीचा डबा परत करतो,
घासलेला.

आज गाडी सव्वा तास खोळंबली.
बाकावर बसलो दोघं,
सारखे घड्याळाकडे बघत.
एवढ्या वेळाचं करायचं काय?

मग त्यानं चप्पल काढली,
पायानं माझा पाय ढकलला,
"सरक ना वं."