झडप

फिनलंडातला दुष्काळी हिवाळा, अठराशे सदुसष्टचा.
ऊब वाया जाऊ नये म्हणून
वेंडलानं धुराड्याची झडप ओढून घेतली,
निखारे अजून निळे होते तरी.
भट्टीच्या कट्ट्यावर पोरं झोपलेली,
सालीचं पीठ घातलेल्या भाकरीचा वास.
धूर नव्हता. खोकलासुद्धा नाही.

गडी तावेत्ती तेवढा वाचला:
दूध सांडलं म्हणून
तिनंच त्याला तबेल्यात हाकललं होतं,
घोडीच्या पोटाशी.

सकाळी दार ढकललं तर
उबेचा लोट आला अंगावर.
आधी बरंच वाटलं त्याला.

पुढं लग्न झालं, घर झालं.
बादलीत पाणी गोठायचं, बायको कुरकुरायची,
पण झडप त्यानं कधी लावू दिली नाही.
आणि कुणी दूध सांडलं
तर नुसता बघत राहायचा,
फडकं न उचलता.