जमिनीला धरून असलेलं सगळं

कागदावर लिहिलंय :
घर, लाकडाची खोप, विहिरीवरचा पंप
आणि ‘जमिनीला धरून असलेलं सगळं’
एक फेब्रुवारीपासून त्यांचं.
वकीलबाई वाचत होत्या तेव्हा
उर्मास माझ्याकडे बघत होता,
मी त्यांच्या बाहीवरच्या शाईच्या डागाकडे.

आज ऑक्टोबरची चार.
तार्तूच्या बाजारात, नदीच्या अंगाला,
वाइकेच्या खोक्यांवर वाकून मी कंद निवडतेय.
“घर विकलंय ना आपण?”
“विकलंय.”
“मग?”
मग काय.
एकतीस वर्षं या दिवसांत हेच केलं,
हातांना अजून कुणी कळवलेलं नाही.

कांदा बघतो तसाच बघायचा.
बुडाशी दाबायचा, बोट रुतलं तर ठेवून द्यायचा.
साल सुटलेली चालते, बुरशी नको,
आणि हलका तर मुळीच नको.
हलका म्हणजे आतलं कुणीतरी
आधीच सामान बांधून गेलेलं.

वाइके म्हणते, डॅफोडिलला उशीर केलास या वर्षी.
मी म्हणते, हो, कागदपत्रं होती.
कसली ते ती विचारत नाही,
दोन कंद वरकड टाकते पिशवीत
आणि तिसरा टाकता टाकता परत ठेवते.
माणूस चांगला असला तरी धंदा धंदाच.

ट्यूलिप घेऊ नको, उर्मास कुजबुजतो,
पाणउंदीर खातात.
खातात. एका हिवाळ्यात चाळीस खाल्ले होते,
बर्फाखाली बसून, निवांत,
लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे.
डॅफोडिलला मात्र तोंड लावत नाहीत,
विषारी असतो तो.
म्हणून डॅफोडिल तीस.

आणि ट्यूलिप बारा.
कारण त्यांची ती मुलगी,
पुढचे दोन दात पडलेली, नाव मी विसरले,
घर बघायला आली होती तेव्हा
खोल्या नाही, झोपाळा नाही,
एकच विचारलं तिने : इथे उंदीर आहेत का?
आईने डोळे वटारले.
भीतीने नव्हतं विचारलं पोरीने.
आशेने विचारलं होतं,
एवढं कळतं मला.

कंदाच्या उंचीच्या तिप्पट खड्डा.
मला मोजायला लागत नाही,
फावड्याच्या पात्यावर गंजाची रेघ आहे, तिथपर्यंत.
टोक वर, बूड खाली.
क्रोकसचं टोक मलाही कधी कधी सापडत नाही,
मग आडवा ठेवायचा.
त्याचा तो वळतो, थोडा दमतो,
पण येतो.

उर्मासचं मन फाटकाजवळच्या जुन्या हायसिंथवर.
न्यायचा म्हणतो, नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत.
चौथा मजला, उत्तरेचं तोंड.
मी म्हणते, सही केलीस, जमिनीला धरून आहे तो.
तो म्हणतो, उपटला की नाही धरून.
वकील व्हायला हवा होता हा माणूस.
गुडघे धरून बसला,
फावडं एकदा टेकवलं,
माती पुन्हा थापटली
आणि चहा मागितला.

दर वर्षी मी नकाशा काढते,
बियांच्या पाकिटामागे, पेन्सिलीने,
म्हणजे वसंतात चुकून फावडं पडायला नको.
याही वर्षी काढला.
स्वयंपाकघराच्या खणात ठेवावा म्हटलं, त्यांच्यासाठी.
मग वाटलं, खणलं चुकून तर खणू देत.
एखादा कापला जाईल, हळहळतील.
बागेशी ओळख
अशीच तर होते.
चूल पेटवायला कागद हवाच होता.

रात्री पहिलं दव गोठलं.
सकाळी कुंपणापाशी,
ट्यूलिपच्या ओळीपासून वीतभर अंतरावर,
ताज्या मातीचा छोटासा ढीग.
कोण लबाड, इतक्या लवकर!

एरवी मी तो पायाने सपाट केला असता.