अर्ध्यांचा आकडा

तासाला दोन अंश.
इतक्याच सावकाश उतरते गोठणपेटी,
आणि ऊर्वे स्टुलावर बसून लोकरीचा मोजा विणते,
दर तासाला एक ट्रे बाहेर काढते,
पट्टीवर पेन्सिलीने लिहिते: उणे बारा. उणे चौदा.

तीन आठवड्यांनी कळतं कोण जगलं.
बुडख्यातून दोऱ्याएवढं पांढरं मूळ फुटलं तर जगलं.
ज्या थंडीत अर्धी रोपं मरतात
तो त्या वाणाचा आकडा.
उरलेल्या अर्ध्यांचं काय, मी पहिल्याच दिवशी विचारलं.
ती म्हणाली, "त्यांच्यावरच तर जेवतो आपण."

इथे, तार्तूच्या उत्तरेला,
नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.
गहू तेव्हा बोटभर असतो आणि गप्प.
गप्प म्हणजे निजलेला नव्हे.
पेशीतलं पाणी तो थोडं थोडं बाहेर सोडत असतो,
गोठायचंच तर भिंतीपलीकडे जाऊन गोठ,
आणि आत साखर दाट होत जाते,
आधी एकतारी,
मग दोनतारी.

हे सारं पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहीवर लिहिलेलं.
ते वाचायचा मला पगार मिळतो.
कणखर वाणांत एकच जनुक
पाठोपाठ तीनदा, चारदा उतरवलेलं सापडतं,
नकलनविसाला डुलकी लागली असावी तसं.
ऊर्वेला दाखवलं.
"यात कसलं नवल," सुई न थांबवता ती म्हणाली,
"माझी आई दारात उभी राहून असंच करायची.
टोपी घेतलीस का.
टोपी.
अगं, टोपी घेतलीस का.
एकदा सांगितलेलं अंगी लागत नाही."

त्या वर्षी जानेवारीत नऊ दिवस पाऊस.
बर्फ वाहून गेला, छपरं टपटपत राहिली,
काल्यूचं कुत्रं चिखलात लोळून प्रयोगशाळेत शिरलं.
वाफ्यांतला गहू उघडा पडला,
हिरवागार. आम्ही फोटो काढले.
ऊर्वेला तो हिरवा बघवेना.

कारण गहू दिवस मोजतो.
थंडीचे चाळीस, पन्नास. मोजणी भरली
की आतलं एक कुलूप निघतं, लोंबी धरायची मुभा मिळते,
आणि त्याच किल्लीने
गरम कपड्यांचं कपाट बंद होतं.
एकच जनुक, दोन्ही कामं करणारं.
मुभा मिळालेलं रोप
पुन्हा पहिल्यासारखं कणखर होत नाही,
चारदा बजावा, नाहीतर चाळीसदा.

दहाव्या रात्री आकाश निरभ्र झालं.
उणे तेवीस, आणि जमिनीवर चिमूटभर बर्फ नाही.
पेटी इतकी उतावीळ कधीच नसते.

एप्रिलमध्ये दोनशे बारा वाफे, रंग जुन्या गोणपाटाचा.
जगले अकरा.
त्यांत तो एक, ज्याच्यापुढे माझ्याच वहीत
सलग तीन वर्षं लिहिलेलं: उशिरा येतो. बाद.
त्याची मोजणी अजून पुरी झाली नव्हती.
त्याला पाऊस खरा वाटला नव्हता.

ऊर्वे गुडघ्यांवर बसली,
खिशातल्या चाकूने एक बुडखा उभा चिरला,
आतला दुधी रंग बराच वेळ पाहत राहिली.
"ते दार," ती म्हणाली,
आणि मला आधी कळलंच नाही कुठलं दार,
"ओम्स्कपलीकडच्या बराकीचं होतं.
आमच्या घरातून आठजण नेले.
परत आलो चार.
उणे किती होतं, कुणी लिहून ठेवलं नाही."

काल्यूने कुत्र्याला हाक मारली.
मी वहीतलं "बाद" खोडलं;
"उशिरा येतो" तसंच ठेवलं, ते खरंच होतं.
चिरलेला बुडखा तिने फेकला नाही.
ओल्या टिपकागदात गुंडाळून
घरी नेला, मूळ फुटतं का बघायला.