रंग कुठं जातो

साखर पेठेच्या मागचा नाला
सोमवारी लाल यायचा,
बुधवारी मोरपंखी,
आणि टॉवेलची मोठी ऑर्डर लागली
की आठवडाभर निळा.
शाळेतल्या चित्रात मी पाणी निळं रंगवायचे
ते काही पुस्तकात बघून नव्हे.

नायना नाल्याकडं बघून सांगायचे
कुणाच्या डाय हाऊसात काय उकळतंय.
"हा चिप्पांचा मरून. मीठ कमी पडलंय बघ,
निम्मा रंग पाण्यातच राहिला."
पाण्याची कीव नव्हती त्या बोलण्यात,
सुताची होती.

आता तेच पाणी माझ्या टेबलावर,
सरबताच्या जुन्या बाटलीत,
झाकणावर तारीख.
मी ज्वारीची धसकटं जाळली बंद भट्टीत,
हवा न देता, राख न होऊ देता.
त्या कोळशावर लोखंडाचे कण बसवले,
एका केसाच्या जाडीत
चारेक हजार ओळीनं उभे राहतील
इतके बारीक.

"म्हणजे केवढं?" नायनांनी विचारलं.
पहिल्यांदाच आले होते प्रयोगशाळेत,
चपला दाराबाहेर काढून.
मी म्हटलं, यातली एक ग्रॅम पूड
घड्या मोडून अंथरली
तर दोनशे चादरींची जागा होते.
त्यांनी डबी तळव्यावर तोलली.
"दोनशे? कुठल्या, सिंगल का डबल?"

पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात.
शोषण म्हणजे आत ओढून घेणं,
अधिशोषण म्हणजे नुसतं अंगावर बसू देणं.
मी समजावत राहिले, आणि ते
स्वतःच्या नखांकडं बघत राहिले.
एकतीस वर्षं हायड्रो, कॉस्टिक, उकळती हौद,
वर लिंबू, रॉकेल, विटेचा तुकडा,
तरी कडेला उरलेला तो गर्द निळा.
तिथं कुठला शब्द लागू पडतो
मी बोलले नाही.

चिमूटभर पूड टाकली. यंत्र हलत राहिलं.
मरूनचा बीट झाला,
बिटाचं पातळ सार झालं,
मग डाळिंबाचा दाणा धुतलेलं पाणी,
मग पाणी.
काचेला बाहेरून लोहचुंबक लावला
तशी सगळी काळी पूड
पाळी सुटल्यावर माणसं गेटाकडं सरकावीत
तशी एका बाजूला गेली.
यंत्रावर आकडा आला, शून्य पूर्णांक शून्य तीन.
शेजारच्या टेबलावरची सुजाता टाळ्या वाजवायला लागली.

नायनांनी ग्लास खिडकीशी नेला,
उजेडात धरला, हुंगला,
आणि पगार मोजायच्या भाषेत म्हणाले,
"रंगु एटु पोयिंदि?"
गेला कुठं रंग?
मी काळ्या गाळाकडं बोट दाखवलं.
"सगळा?"
सगळा.
"मग हे कुठं टाकणार?"

म्हटलं, धुऊन पुन्हा वापरते,
पाच वेळा चालते, सहाव्यांदा पकड सैल होते.
"आणि सातव्यांदा?"
प्रबंधात त्या जागी एक ओळ आहे माझी,
'पुढील संशोधनास वाव'.
ती मी त्यांना वाचून दाखवली नाही.
त्यांनी गाळाच्या बाटलीचं बूच
फिरवून घट्ट केलं. परत एकदा केलं.
भट्टीवरचा माणूस झाकण असंच लावतो.

परतताना अक्कलकोट रोडवर चहा घेतला.
उन्हानं डांबर मऊ झालेलं.
मग घराकडं वळताना पुलावर
त्यांनी गाडी थांबवायला लावली.
खाली नाला हिरवा,
काठावर फेस, फेसात टॉवेलचे दशीचे धागे,
आणि कुणाचं तरी रेडकू मधोमध उभं,
गुडघ्यापर्यंत हिरवं.

"ह्याला किती पोती लागेल तुझी पूड?"

मी मनात गुणाकार मांडला,
लिटरमागं ग्रॅम, तासामागं लिटर.
पोत्यात मी कधी मोजलं नव्हतं.
ते वाट बघत उभे होते,
कठड्यावर दोन्ही हात ठेवून.