निघण्याआधी एवढं ऐका

बसा जी. पाणी घ्या, माठातलं आहे.
तिकडे माठ नाही, विहिरीचं उकळून देतात,
जरा मचूळ लागतं, असं कुजूर म्हणतो.
कुजूर म्हणजे तिकडचा सगळा :
स्वयंपाकी, नावाडी, किल्ल्यांचा जुडगा.
मी इकडची. बर्डीवर दुसरा मजला,
एक कूलर, एक वही, भिंतीवर निळा फोटो.

विमान पोर्ट ब्लेअरपर्यंत. मग मोठी बोट, मग लहान,
मग गुडघाभर पाण्यातून चालत, चपला हातात.
चाकांची बॅग नेऊ नका.
वाळूत चाकं फिरत नाहीत,
जरीपटक्याच्या लालवानींनी मागच्या दिवाळीत फिरवून पाहिली.

जनरेटर सहा ते दहा. मग अंधार.
आपल्यासारखा नाही, की लाइन गेली तरी
पलीकडच्या लेआउटात दिवे असतात.
तिथे पलीकडे काही नाही.
टॉर्च न्या, सेल जास्तीचे.
उजेड साडेचारलाच येतो म्हणे
आणि संध्याकाळी साडेपाचला शटर ओढतो.

मच्छरदाणी गादीखाली खोचा.
वाळूतली चिलटं दिसत नाहीत, आठवडाभर खाजवतात;
खोबरेल लावा, दुसरा उपाय कुजूरलाही माहीत नाही.
सकाळी बूट झटकूनच पाय घाला :
शंख पाठीवर घेतलेले खेकडे
रात्रभर मोठी खोली शोधत फिरतात.
शिंपले उचलू नका. विमानतळावर काढून घेतात.
रहांगडाले बाईंची नात सोनेगावला उतरली
तरी रडतच होती.

मासे नको असतील तर आजच सांगा.
डाळभात मिळतो. तर्री मिळत नाही, बाप्पा, कुठून मिळणार?
खाडीत उतरू नका. मगर आहे.
दिसते का हो, असं लोक हौसेनं विचारतात.
दिसली नाही म्हणजे नाही, असं धरू नका,
एवढंच मी सांगते.

तुम्ही किती वेळा गेलात?
हेही सगळे विचारतात. मी वहीचं पान उलटते.
माझं सगळ्यात मोठं पाणी तोतलाडोहचं,
त्यालाही पलीकडचा काठ होता.
झिरो माइलच्या दगडावर गावं कोरली आहेत,
चांदा, शिवनी, बैतूल, रायपूर;
समुद्रावरचं त्यात एकही नाही.

फक्त एकदा, मे महिन्यात, शेचाळीस डिग्री,
आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले ढबाले साहेब आले.
एक कान मशीनपाशीच राहिलेला.
भाडं विचारलं नाही, जेवण विचारलं नाही.
म्हणाले, रात्री त्याचा आवाज थांबतो का?

मला माहीत नव्हतं.

कुजूरला टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही.
रविवारी फोन आला तेव्हा विचारलं.
तो हसला, आणि फोन खाली, त्या दिशेला धरला.
मला कूलरच ऐकू आला.
उठून बटण बंद केलं.
पंप थांबला, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी
ठिबकत राहिलं, मग तेही थांबलं.
घाम मानेवरून खाली येत होता,
मी उभी,
कुजूरचा बॅलन्स संपेपर्यंत.

साहेबांना सांगितलं, नाही थांबत.
बरं झालं, म्हणाले. तीन रात्री लिहा.

तर तेवढं एक माझ्या कानाचं आहे.
बाकी सगळं ऐकीव, पण अकरा वर्षांचं ऐकीव,
कच्चं समजू नका.

सही इथे. भरतीच्या वेळा मागच्या पानावर.
आल्यावर एक चक्कर टाका.
काही आणू नका.
बुटात थोडी वाळू राहिली असेल
तर ती घरी झटकू नका,
इथे या.