सतरा दिवसांनी फ्रेसिया

अकरा हजार दोनशे सहा कार्डं,
आम्ही चौघांनी मिळून केलेली.
वाल्दिव्हियातला हिवाळा, खोलीत लाकडाची शेगडी,
प्लग एकच, आणि तो सैल.
हाडं इस्माएलकडे. औषधं रायेनकडे,
तिला अवघड नावं चघळायला आवडायची.
माझ्या वाट्याला मूत्रपिंड, जे कुणालाच नको होतं.
नसा फ्रेसियाकडे.

ती कार्डं करायची नदीकाठच्या मासळीबाजारात,
आईच्या गाळ्यामागे, उलट्या क्रेटवर बसून.
मागे समुद्रसिंह डोक्या-शेपट्यांसाठी कोकलत असायचे.
फोनच्या काचेवर खवले.
उत्तराखाली ती हमखास एखादी ओळ टाकायची
जी परीक्षेत कधीच येणार नव्हती.

अल्नार नर्व्ह: करंगळी आणि तिची शेजारीण वाकलेली.
माझ्या आजोबांचा हात आठवा.
ज्यांनी पाहिला नाही त्यांनी रविवारी जेवायला या.

गेलो आम्ही.
आजोबांनी ताटं सरकवून हात टेबलावर ठेवला,
बोटांत कागद धरला, आणि आम्ही पाळीपाळीने ओढला.
कागद दरवेळी निसटला.
ते दरवेळी हसले.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, ती आली नाही.
आधी वाटलं, फ्लू असेल.
मग विचारायचं राहिलं,
आणि इतके दिवस राहिलं
की विचारायचीच लाज वाटू लागली.

ॲपला लाज नसते.
"कठीण" दाबलं की ती उद्या येते,
"सोपं" दाबलं की सतरा दिवसांनी.
येत असलेल्या कार्डावरही
मी कधी कधी "कठीण" दाबतो.

एक कार्ड मात्र खरंच डोक्यात बसत नव्हतं.
नस मनगटाशी तुटली तर पंजा जास्त वाकडा,
कोपराशी तुटली तर कमी.
जखम जितकी वर, तितका हात बरा दिसतो.
रायेन म्हणायची, घोकू नकोस, समजून घे,
बोटं ओढणारा स्नायूच गळालेला असतो,
वाकवायला मागे कोण उरतं?
समजायचं. तरी उत्तर उलटंच द्यायचो.
तेवढ्या एका कार्डाखाली
फ्रेसियाने काहीच लिहिलेलं नव्हतं.

काल वॉर्डात लाकूड कापणारा एक माणूस आला.
हात बऱ्यापैकी सरळ.
मॅडम म्हणाल्या, किरकोळ वाटतंय, नाही?
मी म्हटलं, काका, बाही वर करा. कोपर बघू.

रात्री ते कार्ड उघडलं.
शेवटचा बदल: आज, पहाटे तीन चाळीस. फ्रेसिया.
तिला यादीतून काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
काय बदललं ते शोधायला दोनदा वाचलं.
एक स्वल्पविराम. चुकीच्या जागी होता,
तो उचलून नीट ठेवलेला.

पहाटे तीन चाळीस,
म्हणजे होड्या लागायची वेळ.

मी "पुन्हा" दाबलं,
आणि रविवारी ड्यूटी कुणाची आहे ते पाहिलं.