चौथी पट्टी

चीफ माग्बानुआ इंजिन हाडाने ऐकायचे.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानामागे दाबलेली,
आणि डोळे मिटलेले,
न्हाव्यापुढे मान दिल्यावर मिटतात तसे.
मग म्हणायचे, "पाच नंबर. सिंगापूरपर्यंत जाईल.
पुढचं मला विचारू नकोस, तोतो."
सिंगापूरच्या अँकरेजवरच ते जायचं.

एकतीस वर्षं.
वायपर म्हणून चढले, डांगरी दोन मापं मोठी.
मग ऑइलर, मग परीक्षा, पुन्हा तीच परीक्षा,
फोर्थ, थर्ड,
आणि थर्डवर सात वर्षं अडकलेले,
कारण सेकंडच्या परीक्षेची तारीख आली
की जहाज भलत्याच समुद्रात.
त्यांच्या सीमन-बुकात प्रत्येक ओळीला दोन शिक्के:
कुठे चढला, कुठे उतरला.
मधल्या नऊ महिन्यांना रकानाच नाही.
मुलगी जन्मली ती सांतोस आणि डर्बनच्या मधे,
म्हणजे पुस्तकाच्या हिशेबी कुठेच नाही.

कान कधी गेले ते त्यांनाही सांगता यायचं नाही.
कुठल्याशा जनरेटरजवळ गळून पडले असतील,
खिशातून नट पडावा तसे,
आणि त्या गोंगाटात पडल्याचा आवाज कोण ऐकणार?

एकदा चार-ते-आठच्या वॉचला, कॉफी पिताना,
मला त्यांनी युक्ती सांगितली.
मनिलाच्या दवाखान्यात काचेची पेटी असते.
आत बसायचं, हेडफोन लावायचा,
'टीं' ऐकू आली की बटण दाबायचं.
"मी टीं ऐकतच नाही. समोरच्या काचेत
त्या पोरीच्या बोटाची सावली दिसते.
बोट हललं की मी दाबतो.
अकरा वर्षं पास."
हसले, आणि दंडावरचं ग्रीस
दुसऱ्या दंडाला पुसलं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
हे मी मान वर करून सांगू शकतो.

पण त्या वर्षी माझी तपासणी
त्यांच्या तीन आठवडे आधी होती.
पेटी नवी होती. करडी, चारी बाजूंनी बंद,
आत एक दिवा आणि भिंतीला फोम.
काच नव्हती.
बाहेर पडलो, फुटपाथवर उभा राहिलो,
फोन हातात घेतला, नंबर काढला,
मग वाटलं, रात्री करू.
रात्री वाटलं, आता झोपले असतील.
असे एकवीस दिवस मी फार शहाणा माणूस होतो.

आता माझ्या खांद्यावर जांभळ्यात सोन्याच्या चार पट्ट्या.
वजन काहीच नसतं त्यांना.
कागदाइतकंही नाही.

या सुट्टीत गिंबालला गेलो, त्यांच्या घरी.
अंगणातून समुद्र दिसतो, पण खुर्ची
पंपाच्या खोलीकडे तोंड करून ठेवलेली.
तिया एर्लिंडाने बांगुस तळला होता.
ती एक वाक्य बोलते आणि थांबते,
दोन सेकंद, मोजून.
सॅटेलाइट फोनची सवय, तिने सांगितलं;
तिकडे पोचेपर्यंत तेवढा वेळ लागायचा.
आता टेबलाच्या पलीकडे पोचायलाही लागतो.

जेवल्यावर चीफनी मला उठवलं.
पंप सुरू होता.
तोच स्क्रू-ड्रायव्हर, मुठीवर इन्सुलेशन टेप,
माझ्या हातात दिला. "ऐक. किती दिवस?"

मी टोक टेकवलं, मूठ हाडाला लावली,
डोळेसुद्धा मिटले.
मला पंप ऐकू आला.
नुसता पंप.

डोळे उघडले तेव्हा ते
माझ्या बोटांकडे बघत होते.

"मग?" त्यांनी विचारलं.
मी दोन सेकंद थांबलो.
तिसराही गेला.